आधी हिशेब, मग खरेदी

गेल्या पावसाळ्यात वसईच्या होळी भागातल्या माझ्या घरी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. पिशवीत दोन-तीन हजारांचा यूएसबी रेडिओ डोंगल, घरातला जुना लॅपटॉप आणि घडी घातलेला एक कागद. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा रेडिओ संकेत पकडायचा, असा प्रकल्प त्याने ठरवला होता. कागदावर त्याला मिळालेला सल्ला होता: दहा लाख बिंदूंचा एफएफटी, म्हणजे जलद फूरिए रूपांतर, लागेल, तो या लॅपटॉपला झेपणार नाही, चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घ्यावा. खर्च लाखाच्या वर. "काका, बाबा म्हणतात पतपेढीतून कर्ज काढू. पण मला वाटतं, मी विषयच बदलतो," तो म्हणाला.

मी त्याला विषय बदलू दिला नाही. पण कागदावरचे ते मत मी याआधीही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ते सांगणारी माणसे बहुधा मनापासून सांगतात, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. हे मत तीन विधानांवर उभे आहे. पहिले: एफएफटी मोठा झाला की गणित अवाढव्य वाढते, म्हणून मोठ्या संगणकाला पर्याय नाही. दुसरे: एफएफटी जितका मोठा तितका रेडिओ संवेदनशील, म्हणून तो मोठाच हवा. तिसरे: खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतसुद्धा शेवटी ग्राफिक्स कार्डेच बसवावी लागली, मग तुमची-आमची काय कथा? तिन्ही विधानांत सत्याचा अंश आहे. तिन्हींतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत वसई-विरारसारख्या गावांतली मुले मोजतात.

डोंगल आणि लॅपटॉप मिळून होतो तो सॉफ्टवेअर रेडिओ म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. अँटेनावर आलेला सिग्नल सेकंदाला लाखो वेळा मोजायचा आणि ते आकडे संगणकाकडे द्यायचे. पूर्वी जे काम कॉइल, कपॅसिटर आणि फिल्टर करत ते आता प्रोग्रॅम करतो. फूरिए रूपांतर ही आकड्यांची रास वारंवारतांच्या खणांत वाटून देते. जितके नमुने घ्याल तितके खण. नमुन्यांच्या दराला त्या संख्येने भागले की एका खणाची रुंदी मिळते. त्या मुलाच्या डोंगलमध्ये आरटीएल२८३२यू ही चिप आहे. ती सेकंदाला २४ लाख नमुने आरामात देते. १,०२४ बिंदूंच्या रूपांतरात एक खण सुमारे २,३४४ हर्ट्झ रुंद पडतो. १०,४८,५७६ बिंदू घेतले, म्हणजे दोनाचा विसावा घात, तर खण २.२९ हर्ट्झचा होतो. पण तेवढे नमुने गोळा व्हायलाच ०.४४ सेकंद लागतो.

आता पहिले विधान. दहा लाख बिंदूंचे रूपांतर हजार बिंदूंच्या रूपांतरापेक्षा हजारपट जड, असे ऐकणाऱ्याला वाटते. एका रूपांतरापुरते पाहिले तर ते खरेही आहे. प्रत्यक्षात दोन हजारपटीच्या आसपास काम पडते. पण रेडिओ रूपांतरे मोजत नाही, रेडिओ सेकंद मोजतो. हजार बिंदूंची रूपांतरे सेकंदाला २,३४४ करावी लागतात, दहा लाखांची दोन किंवा तीन. एका नमुन्यामागे किती आकडेमोड पडते, हा खरा प्रश्न आहे. एफएफटीत ती साधारण पाच गुणिले बिंदूसंख्येचा दोनाच्या पायावरचा लॉगरिदम इतकी असते. १,०२४ साठी नमुन्यामागे ५० क्रिया, १०,४८,५७६ साठी १००. बिंदू हजारपट वाढले आणि सेकंदाचे काम फक्त दुप्पट झाले. २४ लाख नमुन्यांना प्रत्येकी १०० क्रिया म्हणजे सेकंदाला २४ कोटी. जुन्यातला जुना वापरता लॅपटॉपसुद्धा एका कोअरवर सेकंदाला काहीशे कोटी क्रिया सहज करतो. म्हणजे हे काम त्याच्या ताकदीच्या लहानशा हिश्शात बसते.

ही किमया यंत्राने केलेली नाही, विचाराने केली आहे. सरळ व्याख्येप्रमाणे दहा लाख बिंदूंचे रूपांतर करायचे तर एक लाख कोटींहून जास्त गुणाकार लागतात. जेम्स कूली आणि जॉन ट्यूकी यांनी १९६५ साली मांडलेल्या रीतीने ते काम दोन कोटींच्या घरात आले. गाउसने हीच युक्ती १८०५च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षांची गणिते करताना वापरली होती, हे पुढे लक्षात आले. पन्नास हजारपटींचा हा फायदा जगातल्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. एफएफटीसाठी मोठा संगणक हवाच असे म्हणणारा माणूस एफएफटीचा शोध कशासाठी लागला, तेच विसरतो.

यावर उत्तर येते: हिशेब कागदावर ठीक आहे, पण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, मोठा एफएफटी लावला की प्रोग्रॅम अडखळतो. तेही खरे आहे; मी स्वतः पाहिले आहे. म्हणूनच अडखळण्याचे कारण शोधले पाहिजे, आणि ते आकडेमोडीत फारसे नसते.

होळी बाजारात सकाळी भाजी घेताना पाहा. वजन करायला, हिशेब सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. माल टोपलीत समोर असला तर गिऱ्हाईक लगेच मोकळे होते. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वाडीवर जाऊन माल आणायचा म्हटला तर तराजू कितीही चांगला असो, रांग संपणार नाही. प्रोसेसरचे असेच आहे. त्याच्या अगदी हाताशी असलेली कॅश मेमरी साधारण ३२ किलोबाइटची असते. १,०२४ बिंदू ८ किलोबाइटमध्ये मावतात. सगळा माल टोपलीत. १०,४८,५७६ बिंदूंना ८ मेगाबाइट लागतात. साध्या पद्धतीने लिहिलेला एफएफटी ही ८ मेगाबाइट वीस वेळा मुख्य मेमरीतून आणतो आणि वीस वेळा परत ठेवतो. तीनशे मेगाबाइटहून जास्त ये-जा एका रूपांतरासाठी होते. प्रोसेसर त्यातला बराच वेळ मालाची वाट पाहत उभा असतो. अशा वेळी जलद प्रोसेसर आणला तर तो जलद वाट पाहील, एवढेच.

उपाय जुना आहे आणि फुकट आहे. दहा लाख बिंदूंची रास १,०२४ ओळी आणि १,०२४ स्तंभांच्या तक्त्यात मांडायची. आधी प्रत्येक स्तंभाचे लहान रूपांतर, मग ठरलेल्या गुणकांनी गुणाकार, मग ओळींची लहान रूपांतरे, शेवटी तक्त्याची अदलाबदल. प्रत्येक लहान रूपांतर टोपलीत मावते. वीस फेऱ्यांच्या जागी तीन-चार फेऱ्यांत काम होते. डेव्हिड बेली यांनी १९९० साली या चार पायऱ्यांच्या रीतीचे सविस्तर विवेचन केले. तिची मुळे १९६६ पर्यंत मागे जातात. एमआयटीत मॅटेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी लिहिलेली एफएफटीडब्ल्यू ही लायब्ररी १९९७पासून असल्या युक्त्या स्वतःच वापरते. ती तुमच्या यंत्रावर निरनिराळे मार्ग प्रत्यक्ष धावून पाहते, सर्वांत जलद मार्गाचा आराखडा ठरवते आणि तो जपूनही ठेवता येतो. मी पाहिलेल्या कित्येक विद्यार्थी-प्रोग्रॅममध्ये हा आराखडा दर रूपांतराच्या वेळी नव्याने बनवला जात होता. सगळा वेळ आराखड्यात जातो आणि दोष लॅपटॉपला मिळतो.

लांबीची निवडही अशीच. कोणी सहज दहा लाख तीन बिंदू घेतो. १०,००,००३ ही मूळ संख्या आहे. तिचे तुकडे पडत नाहीत. मग लायब्ररीला आडवाट धरून तिच्या दुपटीहून मोठ्या लांबीची दोन-तीन रूपांतरे करावी लागतात आणि वेळ चार-सहा पटींनी वाढतो. तीन बिंदू सोडून दिले असते तर १०,००,००० ही संख्या दोन आणि पाचच्या घातांत सुरेख फुटली असती. आणि पडद्याचे काय? लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १,९२० ठिपके असतात. दहा लाख खण त्यात कोंबायचे म्हणजे एका ठिपक्यामागे साडेपाचशे खण. कित्येकदा रूपांतर केव्हाच संपलेले असते. अडखळतो तो धबधब्यासारखे सरकणारे चित्र रंगवणारा भाग. वेळ कुठे जातो ते मोजल्याशिवाय एफएफटीवर आळ घेणे, हा निदान न करता औषध लिहून देण्याचा प्रकार आहे.

दुसरे विधान मला पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटते, कारण ते डोळ्यांना पटते. एफएफटीचे बिंदू दुप्पट केले की आलेखावरची गोंगाटाची पातळी ३ डेसिबलने खाली जाते. २,०४८ वरून १०,४८,५७६ वर गेलात की ती २७ डेसिबल उतरते. पाहणाऱ्याला वाटते, रेडिओ सुधारला. रेडिओ होता तसाच आहे. प्रत्येक खण अरुंद झाला म्हणून त्यात गोंगाट कमी मावतो. ज्याचा संकेत खणापेक्षाही बारीक आहे, त्याला याचा खरा लाभ मिळतो. ज्याचा संकेत रुंद आहे, तो संकेतही तितकाच खाली जातो.

हायड्रोजनची रेषा हे याचे उत्तम उदाहरण, आणि त्या मुलाचा प्रकल्प नेमका तोच होता. ही रेषा १,४२०.४ मेगाहर्ट्झवर असते. वायूचा ढग सेकंदाला एक किलोमीटर वेगाने जवळ किंवा दूर जात असेल तर ती ४.७४ किलोहर्ट्झने सरकते. आकाशगंगेतल्या ढगांचे वेग शंभर किलोमीटरच्या पुढेही जातात, त्यामुळे संकेत काही लाख हर्ट्झ पसरलेला असतो. २,०४८ बिंदूंच्या रूपांतरात खण १,१७२ हर्ट्झचा पडतो, म्हणजे सेकंदाला पाव किलोमीटर वेगाचा फरक कळतो. ढगातल्या वायूची स्वतःची खळबळ त्याहून कितीतरी जास्त असते. दहा लाख बिंदू घेऊन सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा भेद मोजायचा, तर मोजण्यासारखे तिथे काही नाही.

हायड्रोजनला हवी असते सरासरी. २,०४८ बिंदूंची रूपांतरे पाच मिनिटांत साडेतीन लाखांवर होतात. त्यांच्या शक्तीची सरासरी घेतली की गोंगाटाची थरथर सुमारे ५९० पट कमी होते. दहा लाख बिंदूंची रूपांतरे तेवढ्याच वेळात ६८७ होतात आणि एका खणातली थरथर फक्त २६ पट कमी होते. शेजारचे ५१२ खण पुन्हा एकत्र केले तर फरक भरून निघतो, हे मान्य. मग आधी फोडून पुन्हा जोडायचे कशाला? त्या मुलाला जे महागड्या यंत्राशिवाय अशक्य म्हणून सांगितले गेले, ते काम घरी बनवलेला हॉर्न अँटेना, चांगला अ‍ॅम्प्लिफायर, तो डोंगल आणि तो जुना लॅपटॉप करू शकतात. पैसे घालायचेच तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालावेत. संवेदनशीलता तिथे जन्मते.

जिथे संकेत खरोखर बारीक आहे तिथेही मोठेपणाला सीमा आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण संकेत आपल्या खोडदच्या दुर्बिणीने जवळपास साडेसतरा कोटी किलोमीटरवरून टिपला. उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी तो थांबला. यान कोसळले होते. अशा संकेताची वारंवारता स्थिर राहत नाही. समजा, वातावरणात शिरलेल्या यानाचा वेग दर सेकंदाला १०० मीटरने घटतो आहे. मग ४०१ मेगाहर्ट्झवर वारंवारता सेकंदाला १३४ हर्ट्झने सरकते. ०.४४ सेकंदाच्या लांब रूपांतरात ती ५८ हर्ट्झ चालून जाते आणि पंचवीस खणांवर पसरते. अशा वेळी साडेअकरा हर्ट्झच्या आसपासचा खण सर्वांत चांगला. त्याहून बारीक केलात तर संकेत पुसट होतो. सरकण्याचा अंदाज आधी वजा करता आला तर लांबी वाढवता येते, पण तो अंदाज बांधणे हे पुन्हा डोक्याचे काम आहे. लांबी संकेत ठरवतो, कार्डाची किंमत नाही.

आता तिसरे विधान, जीएमआरटीचे. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत; त्यांतल्या दोन टोकांचे अंतर पंचवीस किलोमीटरपर्यंत जाते. सुरुवातीला तिथली रूपांतरे खास बनवलेली चिपांची यंत्रणा करत असे, ३२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. पुढे तेच काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या जाळ्यावर सॉफ्टवेअरने होऊ लागले. त्याचे वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले. सुधारित जीएमआरटीत पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला आणि ग्राफिक्स कार्डे आली. ती का आली, ते पाहा. ४०० मेगाहर्ट्झसाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने लागतात. तीस तबकड्या, प्रत्येकीची दोन ध्रुवीकरणे, म्हणजे साठ प्रवाह. सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. शिवाय तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे गुणाकार. हा महापूर नमुन्यांचा आहे. आणि इतक्या सामर्थ्याच्या त्या यंत्रणेत पट्ट्याचे खण जास्तीत जास्त किती पाडतात? १६,३८४. त्या मुलाच्या कागदावर लिहिलेल्या संख्येच्या चौसष्टाव्या हिश्शाइतके.

म्हणजे जीएमआरटीचा दाखला त्यांच्या नव्हे, माझ्या बाजूने साक्ष देतो. त्या डोंगलमधून येणारा प्रवाह खोडदच्या प्रवाहाच्या वीस हजाराव्या हिश्शाइतका आहे. खोडदला कार्ड लागते म्हणून होळीतल्या गच्चीवर लागते, असे म्हणणे म्हणजे सूर्या धरणाला मोठे दरवाजे आहेत म्हणून विहिरीलाही बसवा, असे म्हणणे.

ठरावीक ठोक्यांनी रेडिओ संकेत देणाऱ्या पल्सार ताऱ्यांच्या निरीक्षणात तर मोठे रूपांतर लहान करण्याची कला आणखी स्पष्ट दिसते. पल्सारचा ठोका ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना पसरतो. वरच्या वारंवारता आधी पोहोचतात, खालच्या मागाहून. हा पसारा आवरायला लांब रूपांतरे लागतात. ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास १०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला आणि वायूचे मोजमाप, ज्याला डिस्पर्शन मेझर म्हणतात, ते ५० असेल तर पसारा ०.६५ सेकंदाचा होतो: साडेसहा कोटी नमुने. इतके लांब रूपांतर करणे कोणालाही जड. पण आधी पट्ट्याचे ५१२ भाग पाडले तर प्रत्येक भागात पसारा १.२७ मिलिसेकंदांचा उरतो आणि त्यात नमुने असतात सुमारे २५०. साडेसहा कोटींचा डोंगर अडीचशेच्या ढिगांत वाटला गेला. याची किंमत द्यावी लागते: वेळेची बारकाई पाच मायक्रोसेकंदांपर्यंत खाली येते. बहुतेक पल्सारांसाठी तेवढे पुरेसे असते. काय सोडायचे आणि काय राखायचे, हे ज्याला कळते त्याचे काम चालते.

मोठी रूपांतरे निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. परग्रहावरच्या संकेतांचा शोध, अनोळखी पल्सारच्या ठोक्याचा शोध, स्थिर बारीक वाहकाची वारंवारता मोजणे, या कामांत लाखो-कोट्यवधी बिंदू खरोखर लागतात. ज्याला शेकडो मेगाहर्ट्झ एकदम ऐकायचे आहेत, त्याने ग्राफिक्स कार्ड जरूर घ्यावे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही गरज आधी कागदावर सिद्ध झाली पाहिजे. नमुन्यांचा दर किती, संकेत किती रुंद, तो किती वेळ एका जागी थांबतो, आणि सगळा माल कुठल्या मेमरीत मावतो: चार आकडे मांडले की लांबी ठरते, आणि लांबी ठरली की यंत्र ठरते. उलट क्रमाने गेलात तर पैसे जातात आणि समजही येत नाही.

या देशातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा वारसाच या क्रमाचा आहे. गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली आपली पहिली दुर्बीण उभारली ती कल्याणला, आमच्या वसईहून दिवामार्गे रेल्वेने जाता येईल इतक्या अंतरावर. ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या १.८ मीटरच्या बत्तीस वापरलेल्या तबकड्यांवर त्यांनी सूर्याचा अभ्यास सुरू केला. पुढे जीएमआरटीच्या तबकड्या करताना त्यांनी जड पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळी पुरते आणि वारा आरपार जातो. लहरीची लांबी आधी विचारात घेतली, पोलाद नंतर. त्याच दुर्बिणीवर २०२० साली आदित्य चौधुरी, निस्सीम कानेकर आणि सहकाऱ्यांनी आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचे मोजमाप केले. एकेक दीर्घिका दिसण्यासारखी नव्हती; त्यांनी ७,६५३ दीर्घिकांच्या संकेतांची सरासरी घेतली. साडेतीन लाख लहान रूपांतरांची सरासरी घेणारा होळीतला विद्यार्थी त्याच रीतीचे पहिले पाऊल टाकत असतो.

म्हणून माझी मागणी प्रकल्प तपासणाऱ्यांकडे आहे. "कोणता संगणक वापरणार?" हा प्रश्न दुसऱ्या पानावर जाऊ द्या. पहिल्या पानावर त्या चार आकड्यांचा हिशेब मागा. जो विद्यार्थी तो मांडील त्याला जुन्या लॅपटॉपवर काम करू द्या, आणि ज्याचा हिशेब खरोखर मोठे यंत्र मागेल त्याला ते संस्थेने द्यावे. त्याच्या बापाच्या कर्जावर ते येऊ नये.

त्या दिवशी आम्ही कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. २४ लाख, २,०४८, पाच मिनिटे, ३२ किलोबाइट. अर्धे पानही भरले नाही. पतपेढीचा अर्ज त्याने भरला नाही. विषयही बदलला नाही.